खोकं माझ्याकडे, काच तुझ्याकडे

३ जून

प्रिय ठमे,

आपला कॉम्प्युटर आला त्या दुपारची आठवण आज सकाळपासून पाठ सोडत नाहीये. ह्याला धूळ चालत नाही असं दुकानदाराने बजावलं होतं, म्हणून आपण दोघी चपला बाहेर काढून, पाय धुऊन, पदर खोचून त्याच्यासमोर बसलो होतो. तो गुरगुरत सुरू झाला. नमस्कार करायचा का, असं तू हळूच विचारलंस आणि मी म्हटलं, आधी काय करतो ते बघू. मग आपण दोघींनी एकाच माऊसवर हात ठेवून एक रेघ काढली. ती वाकडी आली. आई मागे उभी होती. ती म्हणाली, छान आहे, नदी वाटतेय.

सहज आठवलं म्हणून लिहिते. दुसरं काही कारण नाही.

तुझी तब्येत कशी आहे? माझी बरी आहे. कॉन्व्हेंट शाळेत पत्रलेखनाच्या तासाला सिस्टर शिकवायच्या, आधी तब्येत विचारावी, मग हवापाणी, आणि मग मुद्दा. हवा बरी आहे. फोन का केला नाही असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मधे बोलतेस आणि मग मीही बोलते, आणि मागच्या वेळी त्यातून काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पत्रात कोणाला मधे बोलता येत नाही.

आता मुद्दा. म्हणजे मुद्दा नव्हे, एक बारीकशी शंका. मला काहीतरी छोटंसं शिवायचं आहे. कोणासाठी ते विचारू नकोस. त्यावर आईची अक्षरं हवी आहेत. तिने चौकटीच्या कागदावर काढलेली मूळ अक्षरं कसरीने खाल्ली, ते तुला कळवायचं राहून गेलं होतं. पण भरतकामाच्या मशीनसाठी तू ती एकेक करून कॉम्प्युटरमध्ये उतरवली होतीस. म्हणजे ती खोक्यात आहेत, आणि खोकं माझ्याकडे आहे. फक्त त्यात काय आहे ते दाखवणारी काच तुझ्याकडे आहे.

म्हणून मी एक नवा चपटा मॉनिटर आणला. खोक्याला जोडला. खोकं गुरगुरतं, हिरवा दिवा लागतो, आणि मॉनिटर म्हणतो, सिग्नल नाही. तुझे भावोजी म्हणतात प्लग काढून परत घाल. त्यांचं हे उत्तर फ्रिजलाही असतं आणि शेजाऱ्यांच्या गाडीलाही असतं.

वेळ असेल तर दोन ओळी टाक. नसेल तर राहू दे. माझं काही अडलेलं नाही.

तुझी,
ताई


१२ जून

प्रिय ठमे,

तुझं कार्ड मिळालं. “मागे दोन जागा आहेत. वरची उभी सोड. खालच्या आडव्या जागेत घाल.” एवढंच. ना प्रिय, ना ताई, ना सही. मी कार्ड उलटून पाहिलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. तिसरी ओळ कुठे निघाली नाही. असो. अक्षर तरी तुझंच होतं, अजून ‘ख’ला पोट काढतेस.

तू सांगितलंस तसं केलं. खोकं भिंतीपासून पुढे ओढलं, हे टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसले आणि मग त्यांना उठवायला मला शेजारच्यांना बोलवावं लागलं. पण ठमे, चित्र आलं. आधी काळ्यावर पांढरी अक्षरं धावली, मग ती छोटी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. मी टाळी वाजवली. हे जमिनीवरूनच म्हणाले, झालं ना? आणि तेवढ्यात सगळं गडप. काळ्या काचेवर एक चौकोन भटकायला लागला, त्यात लिहिलेलं, ‘आउट ऑफ रेंज’. चौकोन इकडून तिकडे जातो, भिंतीला आपटतो, परत येतो. बघत बसलं की माणसाला गुंगी येते.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने खोक्याला हात न लावता, लांबूनच, दवाखान्यात नातेवाईक बघतात तसं बघितलं. म्हणाला, आजी, हे म्युझियमला द्या. मी म्हटलं, मला की त्याला? तो बिचारा हसला आणि नवीन कॉम्प्युटरचा कागद ठेवून गेला. नवीन घ्यायला माझी ना नाही. पण नव्याला आपलं भरतकामाचं मशीन ओळखत नाही, आणि आईची अक्षरं जुन्यातून काढायची तरी आधी जुन्यात दिसायला हवं.

आता तुला एक सांगते, हसू नकोस. तू गेल्यापासून मशीनला अक्षरं मिळालेली नाहीत. त्याच्या स्वतःच्या पोटात एकच चित्र आहे, बदक. तेव्हापासून मी बदकं काढतेय. दवाखान्यातल्या मुलांच्या चादरींवर बदक, हॉटेलच्या नॅपकिनांवर बदक. वकिलीणबाईंनी नवऱ्याच्या रुमालावर त्याच्या नावाचं अक्षर सांगितलं होतं, त्यांनाही बदकच दिलं. तो ते कोर्टात खिशातून अर्धं बाहेर ठेवतो म्हणे. गावात लोकांना वाटतं हा माझा ठसा आहे. मीही तसंच सांगते.

पण ह्या वेळी बदक चालणार नाही.

तुझी,
ताई


२२ जून

प्रिय ठमे,

ह्या कार्डावर चार ओळी आहेत, म्हणजे प्रगती आहे. “तो पंच्याऐंशीवर आहे. चपट्याला साठच झेपतात. साठ करायचं तर आधी दिसायला हवं. काय शिवतेयस?”

पहिल्या तीन ओळी मी ह्यांना वाचून दाखवल्या. चौथी माझ्याजवळ ठेवली.

पंच्याऐंशी काय आणि साठ काय, ते मला दुरुस्तीवाल्याकडे जाऊन विचारावं लागलं. त्याने सांगितलं, काच एका सेकंदात इतक्यांदा चित्र पुसते आणि परत काढते. मला वाटत होतं एकदा काढलं की राहतं. म्हणजे आपण दोघी समोर बसून एक पान भरायचो तेवढ्यात ती बापडी किती राबत होती. जुन्या जाड मॉनिटरवर साठ ठेवलं की काहींना चित्र लुकलुकताना दिसतं आणि डोकं दुखतं, असंही तो म्हणाला. तुझं डोकं दुखायचं ते मला आठवलं, आणि एक दिवस अचानक दुखायचं थांबलं तेही. मी समजत होते माझ्या आल्याच्या चहाने थांबलं. तू आकडा वाढवलास आणि चहाचं श्रेय मला घेऊ दिलंस.

तर आता अशी गत आहे की साठ केल्याशिवाय दिसत नाही, आणि दिसल्याशिवाय साठ करता येत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार. पंच्याऐंशी झेपणारी काच एकच, आणि ती तुझ्याकडे.

ती वाटणी आठवली की मला अजून हसावं की काय करावं कळत नाही. तू लेकीकडे राहायला जाणार हे मला सांगितलंस तेव्हा तुझ्या बॅगा भरून झाल्या होत्या. मी म्हटलं, जा, पण अर्धं घेऊन जा, माझ्यावर उपकार नकोत. कात्र्या निम्म्या, रिळं निम्मी, स्टुलं निम्मी. बटणांचा डबा आपण जमिनीवर ओतून वाटला, दोघी एकमेकींकडे न बघता. कॉम्प्युटर एकच होता, पण त्याचे दोन भाग होते, हे त्याचं दुर्दैव. मी खोकं ओढलं, कारण कॉम्प्युटर म्हणजे खोकं एवढं मला ठाऊक होतं. तू काही न बोलता काच उचललीस. त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, बघा, नुसती काच घेऊन गेली. तुला तेव्हाच माहीत होतं ना, की ह्याला वापरायचं तर मला एक दिवस तुला विचारावं लागणार? की तुलाही नुसता रागच आला होता? मला दोन्ही उत्तरं चालतील.

आता तुझ्या चौथ्या ओळीचं उत्तर. दुपटं शिवतेय.

पडदे शिवणाऱ्या बाई तुमच्याकडे कामाला येऊन गेल्या. गेल्या महिन्यात माझ्याकडे दोरा मागायला आल्या आणि म्हणाल्या, अभिनंदन, आजी होणार तुम्ही. मी म्हटलं, हो तर, कधीचं माहीत आहे मला. त्यांना रीळ दिलं, चहा दिला, वर बिस्किटं दिली. त्या गेल्यावर दिलेलं रीळ कुठल्या रंगाचं होतं ते मला आठवेना. त्यांनी हिरवा मागितला होता, मी लाल दिला होता. दुसऱ्या दिवशी येऊन बदलून नेला.

मी रागावलेली नाही. बाळाचं नाव काहीही ठेवा, म्हणून मी सगळीच अक्षरं घालणार आहे, अ पासून ज्ञ पर्यंत. त्यातलं हवं ते निवडा. आईच्या हातचं काहीतरी त्याच्या अंगावर असावं, इतकंच. आणि ते माझ्याकडून गेलेलं असावं, एवढंही लिहून टाकते.

तो जुना मॉनिटर अजून आहे का?

तुझी,
ताई


४ जुलै

प्रिय ठमे,

कार्ड मिळालं. “दुसरा मार्ग नाही. जुना मॉनिटर जोडावा लागेल. दुसऱ्याच्या हाती देण्यासारखा नाही, मलाच यावं लागेल. शनिवारी निघते. जावई गाडीने सोडतोय.”

ये. दुसरा मार्ग नाही हे तू म्हणतेस म्हणजे नसणारच. आमच्याकडे सगळं होतं तसंच आहे. अंधार. काल तर मुळीच काही दिसलं नाही. आजही दिसणार नाही, कारण मी कॉम्प्युटरवर चादर घातली आहे आणि तुझ्या भावोजींना त्या खोलीत जायची मनाई केली आहे. ते का, असं विचारतात. मी म्हटलं, धूळ.

आईचा ‘झ’ किती सुंदर होता, तुला आठवतो का? त्याच्या शेपटीला ती एक छोटीशी गाठ मारायची, फ्रॉकच्या नाडीला मारतात तशी. आणि ‘ळ’ म्हणजे तर आजोबांचा चष्मा, एक काच मोठी, एक लहान. मी हे सगळं आठवणीतून लिहितेय, अर्थातच.

येताना सावकाश या. मधल्या खोलीतला पलंग तुझ्यासाठी रिकामा केला आहे. त्यावर बदकांची चादर आहे, दुसरी नाहीच घरात.

तुझी,
ताई


२० जुलै

प्रिय ठमे,

तू जाऊन दोन दिवस झाले. तोंडावर जे बोलता आलं नाही ते आता लिहून टाकते, आणि शेवटी पार्सलात कोणाचं काय आहे तेही लिहिते, म्हणजे तिकडे घोळ व्हायला नको.

तुमची गाडी दारात आली तेव्हा मी वरून बघत होते. पुढच्या सीटवर पट्टा बांधून, शाल पांघरून मॉनिटर बसला होता आणि तू मागे, मांडीवर त्याच्या वायरी घेऊन. जावई म्हणाला, मावशी, वाटेत टोलवाल्याने विचारलं, पेशंट आहे का. तू उतरलीस. मला वाटलं होतं आपण काहीतरी बोलू. तू म्हणालीस, एका बाजूने धर, काचेकडची बाजू जड असते. आपण दोघींनी तो जिन्यावरून वर आणला, मधे दोनदा टेकवला, आणि मध्यावर तुझे भावोजी वरून ओरडले, प्लग काढून घेतलाय ना? तेव्हा तू हसलीस. मी पायरीवर होते आणि माझ्या बोटांवर सगळं ओझं होतं, तरी मला वाटलं, जिना अजून थोडा मोठा असता तर बरं.

मग तू जुना मॉनिटर जोडलास. तो हळूहळू, माणूस झोपेतून उठावा तसा उजळला, आणि त्यावर आपली ती निळी खोली दिसली, सगळ्या छोट्या चित्रांसकट. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, पण दार उघडं होतं. तू आकडा बदललास, डोळे बारीक करून बघितलंस, चपटा जोडलास, तोही उजळला. काम झालं. मग तू आईची अक्षरं उघडलीस, आणि तुझा हात थांबला. मला तिथूनच कळलं.

“ताई,” तू म्हणालीस, “ही फाईल ह्याच महिन्यात कोणीतरी उघडून सेव्ह केलीय.”

“भूत असेल,” मी म्हटलं.

“भुताला चष्मा लागतो वाटतं. अक्षरं चौपट मोठी करून बघितलीयेत त्याने.”

मी साखर दोनदा घातली. तू तो चहा तसाच प्यायलीस.

तर ते असं झालं होतं. तुझं शेवटचं कार्ड यायच्या आदल्या दिवशी, मी आंघोळीला गेले असताना ह्यांनी, पट्टी सरकत असतानाच, भिंतीतला प्लग उपटला. परत घातला. ह्या वेळी कॉम्प्युटरने काळ्या फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत माफी मागितली आणि विचारलं, कसं सुरू होऊ? ह्यांनी यादीतला पहिला पर्याय निवडला, कारण त्यात सेफ असं लिहिलं होतं. चित्र आलं. भलंमोठं, चार रंगांचं, पण आलं. मी ओल्या केसांनी धावत आले. ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. मी अक्षरं उघडली आणि मोठी करकरून पाहिली. तो ‘झ’ तेव्हाच पाहिला. बंद करताना सेव्ह करायचं का, असं विचारलं, मी सभ्यपणे हो म्हटलं. तशा अवस्थेत मशीनकडे काही जात नव्हतं, पण पुढचं एक वाक्य तू कार्डावर सांगितलं असतंस तर काम झालं असतं. मी ते विचारणारच होते, पेनही घेतलं होतं. तेवढ्यात तुझं कार्ड आलं, मलाच यावं लागेल म्हणून. मी पेन ठेवून दिलं आणि कॉम्प्युटरवर चादर घातली. ह्यांना शपथ घातली. ते अजून गावात कोणाला सांगू शकलेले नाहीत आणि त्यांचं वजन कमी झालंय.

हे सगळं मी तुला चहा देताना सांगितलंच. पण तू जे उत्तर दिलंस ते मला इथे परत लिहून ठेवायचं आहे, माझ्यासाठी. मी विचारलं, हा सेफचा प्रकार तुला माहीत नव्हता का? तू म्हणालीस, माहीत होता, सुरू होताना एफ-आठ दाबत राहिलं की तोच काळा फळा येतो, प्लग उपटायचीही गरज नाही. मग दुसरा मार्ग नाही असं का लिहिलंस? तू बशीतल्या बिस्किटाकडे बघून म्हणालीस, “तो मॉनिटर ठेवायला आमच्या घरात जागा नव्हती.”

दोघी चांगल्या शाळेत शिकलेल्या बायका, ठमे. एक सरळ खोटं बोलते, दुसरी चादर घालून.

बाळाचं मला का कळवलं नाहीस ते विचारायचं मी ठरवलं नव्हतं. मशीन ‘क’ काढत होतं आणि आपण दोघी वाकून बघत होतो, तेव्हा निघून गेलं तोंडातून. तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, सुरुवातीला कोणालाच सांगायचं नव्हतं. मग उशीर झाला. मग उशीर का झाला ते सांगायची लाज वाटायला लागली. आणि रोज वाटायचं, आज ताईचं काही येईल. मी म्हटलं, मला रोज वाटायचं आज तुझं येईल. तेवढ्यात ‘क’चा दोरा तुटला. तू सुईत दोरा ओवलास, मला आता दिसत नाही, आणि मी बटण दाबलं.

निघताना तू गाडीत बसलीस, काच खाली केलीस. मला वाटलं छत्री राहिली असेल.

“ताई, पुढच्या महिन्यात तू येशील ना? लेक म्हणतेय मावशी हवीच. आणि मीही म्हणतेय.”

मी तेव्हा नुसती मान हलवली, कारण तुझ्या जावयासमोर मला रडायचं नव्हतं. लेखी उत्तर देते. येते.

मी माणूस म्हणून नंतर येईन, सामान आधी पाठवतेय. तर आता कोणाचं काय ते. निळ्या कागदात दुपटं आहे, ते बाळाचं. कडेची गाठ उसवू नका, तिथे दोरा संपला होता आणि मी हाताने पूर्ण केलं आहे. दोन पांढरी झबली लेकीकडे दे, धुतल्याशिवाय घालायची नाहीत म्हणावं, आणि बटणं नाहीत, नाड्या आहेत, मुद्दाम. बदकाचा मोठा टॉवेल जावयाला, इतकी हळू गाडी चालवल्याबद्दल. चपट्या डब्यातली बारीक कात्री तुझी आहे. पडदेवाल्या बाई परत तुमच्याकडे कामाला आल्या की त्यांना आणखी एक हिरवं रीळ, माझ्याकडून, आणि सांग की मला खरंच आधीपासून माहीत होतं. जुना मॉनिटर इथेच राहील, तो परत जिन्यावरून उतरवायचा म्हटलं तर आपल्यापैकी एक जण उरणार नाही. कॉम्प्युटरची वायर मात्र पार्सलात शोधू नकोस. ती भावोजींनी उशाशी घेतली आहे, आणि ती त्यांचीच.

राहिलं बाळ. ते आधी त्याच्या आईला द्यावं. मग तुला, मग जावयाला, त्याला बसवून द्या, उभ्याने नको. मला सगळ्यांत शेवटी दिलंत तरी चालेल. पण मला दिल्यावर निदान चहा होईपर्यंत कोणी परत मागू नये, आणि चहा तू करायचा, सावकाश.

तुझी,
ताई